लेखकांच्या यादीतला राखणदार

शोधनिबंध हातात आला की तुम्ही आधी काय वाचता? शीर्षक, गोषवारा, मग आकृत्या. लेखकांची यादी आपण वाचत नाही, तिच्यात फक्त शोधतो. आपलं नाव आहे का, ओळखीचं कुणी आहे का, ज्याच्यावर आपला राग आहे तो कितवा आहे. एवढं पाहिलं की यादी संपली.

या लेखात मी अशीच एक यादी वाचणार आहे, एखाद्या पुस्तकाचं परीक्षण करावं तशी. निबंध ऑगस्ट २०२०मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. विषय होता तुआतारा या प्राण्याचा जीनोम. तुआतारा सरड्यासारखा दिसतो, पण सरडा नाही. साप-सरड्यांच्या वंशापासून त्याचा वंश सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी वेगळा झाला, आणि त्या शाखेतला हा एकटाच आज जिवंत आहे. तो फक्त न्यूझीलंडमध्ये सापडतो. माणसांबरोबर उंदीर आले तसा मुख्य भूमीवरून तो नाहीसा झाला आणि किनाऱ्यापासून दूरच्या मोजक्या बेटांवर टिकून राहिला. त्याचा जीनोम आपल्या जीनोमच्या सुमारे दीडपट मोठा आहे. तो वाचून काढण्याचं काम ओटागो विद्यापीठाच्या नील गेमेल यांच्या नेतृत्वाखाली झालं आणि त्यात अनेक देशांतले लोक होते.

यादीत साठाहून अधिक नावं आहेत. आजच्या मानाने ही काही मोठी यादी नव्हे. हिग्स बोसॉनचं वस्तुमान सांगणाऱ्या २०१५च्या निबंधाला ५,१५४ लेखक होते. तेहेतीस पानांच्या त्या निबंधातली चोवीस पानं नुसत्या नावांची आणि संस्थांची होती. तुआताराच्या यादीत मला थांबवलं ते शेवटच्या नोंदीने. जीवशास्त्रात शेवटची जागा मानाची असते. पहिलं नाव बहुधा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं, असा आमच्याकडे न लिहिलेला कायदा आहे. इथे प्रमुखांचं नाव पहिलं आहे, आणि यादी जिथे संपते तिथे एका माओरी इवीचं, म्हणजे कुळसमूहाचं, विश्वस्त मंडळ आहे: ङातीवाई ट्रस्ट बोर्ड.

तो 'ङ' छपाईची चूक नाही. शाळेत क-ख-ग-घ म्हटल्यावर जे अक्षर आपण नाकातून म्हणून सोडून द्यायचो, ज्याने सुरू होणारा एकही शब्द आपल्याला ठाऊक नव्हता, ते इथे रोज लागतं. माओरी भाषेत शब्द त्याने सुरू होतात. बाराखडीतल्या या बिनकामाच्या अक्षराला नोकरी मिळाली ती मी न्यूझीलंडला आल्यावर.

*

आता परीक्षण. एका मंडळाने शोधनिबंध 'लिहिला' म्हणजे काय?

जीनोमसाठी रक्ताचा नमुना घेतला तो नॉर्थलंडच्या किनाऱ्याजवळच्या लेडी ॲलिस बेटावरच्या एका मोठ्या नराचा. त्या परिसरातल्या तुआतारांचे 'काइतिआकी' म्हणजे ङातीवाई. या शब्दाचं इंग्रजीत 'गार्डियन' असं भाषांतर करतात आणि त्यात निम्मा अर्थ सांडतो. कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना मी सोपा शब्द देते: राखणदार. गावाच्या वेशीवरचा, देवराईतला, ज्याला विचारल्याशिवाय फांदी तोडायची नाही असा. राखणदाराकडे मालकीचा सातबारा नसतो, तरीही त्याला वळसा घालून जाता येत नाही.

मंडळाला नमुना घेण्यापूर्वी एकदा विचारलं आणि सही घेतली, एवढ्यावर हे थांबलं नाही. प्रकल्पात नवा सहकारी जोडायचा, माहिती कुणाला वापरायला द्यायची, त्यातून तुआताराच्या संवर्धनाला काय मिळेल, हे ठरवताना ङातीवाई बरोबर होते, असं निबंधातच नोंदवलं आहे. गोषवाऱ्याच्या शेवटी जीनोम वाचण्याच्या तांत्रिक अडचणींच्या जोडीला सांस्कृतिक जबाबदाऱ्यांचाही उल्लेख येतो. 'नेचर'च्या गोषवाऱ्यात एकेका शब्दासाठी भांडावं लागतं. तिथे ही जागा फुकट मिळालेली नाही.

यामागे मोठा इतिहास आहे. १९९१ साली सहा इवींच्या वतीने वाइतांगी न्यायाधिकरणापुढे एक दावा दाखल झाला. तो 'वाइ २६२' या क्रमांकाने ओळखला जातो. या भूमीतल्या वनस्पती, प्राणी आणि त्यांच्याविषयीचं ज्ञान यांवर १८४०च्या कराराने आम्हाला दिलेला हक्क कुठे गेला, हा त्यातला प्रश्न. ङातीवाई त्या सहांपैकी एक. न्यायाधिकरणाचा अहवाल २०११ साली आला तेव्हा मूळ अर्जदारांपैकी एकच व्यक्ती हयात होती. वीस वर्षं. ती आठवली की यादीतलं ते शेवटचं नाव केवळ सौजन्याने आलेलं वाटत नाही.

*

तरीही आक्षेप घ्यायला हवा, नाहीतर हे परीक्षण न राहता सत्कार होईल. आक्षेप माझ्याच एका सहकाऱ्याने चहाच्या वेळी घेतला: परवानगी देणं म्हणजे संशोधन करणं नव्हे. ज्याची जमीन त्याचं नाव लावायचं, तर मग वीज देणाऱ्या कंपनीचंही लावा.

या आक्षेपामागे एक नियम आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची एक आंतरराष्ट्रीय समिती आहे, जिचा जन्म १९७८मध्ये व्हँकुव्हरला झालेल्या बैठकीतून झाला. लेखक कोणाला म्हणावं याच्या तिने चार कसोट्या दिल्या आहेत. एक, संकल्पना किंवा आखणीत, अथवा माहिती मिळवण्यात, तिच्या विश्लेषणात वा अर्थ लावण्यात भरीव वाटा. दोन, मसुदा लिहिणं किंवा त्यात चिकित्सक सुधारणा करणं. तीन, छापण्यापूर्वी अंतिम मसुद्याला मान्यता. चार, कामाच्या सर्व अंगांना जबाबदार राहण्याची तयारी. ही चौथी २०१३मध्ये वाढवली. चारही पुऱ्या केल्या तर लेखक, नाहीतर 'आभार'.

वाचायला हे चोख वाटतं. आधीचे दिवस यापेक्षा बरे होते असंही नाही. तेव्हा सगळा मामला प्रमुखाच्या मनाच्या मोठेपणावर होता. इथल्या शंभर डॉलरच्या नोटेवर ज्यांचं चित्र आहे ते अर्नेस्ट रदरफर्ड मँचेस्टरला होते. अल्फा कण सोन्याच्या पातळ पत्र्यावरून उलटे फिरतात हे दाखवणारा १९०९चा निबंध गायगर आणि मार्सडेन या दोघांच्या नावावर आहे. पाहायला सांगितलं होतं रदरफर्ड यांनी, निबंध रॉयल सोसायटीपुढे ठेवला त्यांनीच, पण यादीत ते नाहीत. मार्सडेन तेव्हा अवघा विशीचा विद्यार्थी होता. पुढे १९१५मध्ये तो वेलिंग्टनला प्राध्यापक होऊन आला आणि इथल्या विज्ञानाचा एक कर्ता माणूस झाला. कथा सुंदर आहे. पण रदरफर्ड यांना १९०८मध्येच नोबेल मिळालं होतं, हेही लक्षात ठेवा. भरल्या घरातून शिधा देणं सोपं असतं. दोन वर्षांच्या करारावर जगणाऱ्या पोस्टडॉककडून तेवढ्याच औदार्याची अपेक्षा करता येत नाही, म्हणून नियम लागतो.

आणि नियम नसेल, किंवा असूनही पाळला नाही, तर काय होतं ते आपल्याला फ्रँकलिनच्या कथेतून ठाऊक आहे. डीएनएचं '५१ क्रमांकाचं छायाचित्र' म्हटलं की आज सर्वांना रोझलिंड फ्रँकलिन आठवते, आणि आठवायलाच हवी. पण ते छायाचित्र प्रत्यक्ष घेणारा तिचा विद्यार्थी रेमंड गॉसलिंग किती जणांना आठवतो? अन्याय दुरुस्त करतानाही आपण एका नावापाशी थांबतो.

*

माझी तक्रार दुसऱ्या कसोटीबद्दल आहे. मसुद्यात चिकित्सक सुधारणा. कोणत्या भाषेतल्या मसुद्यात?

हा प्रश्न आपल्या घरचा आहे. डिसेंबर १९९९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेचा एक निबंध आला. नवजात बाळांची काळजी घरातच, गावातच घेता येईल का, याची ही चाचणी होती. एकोणचाळीस गावांत प्रशिक्षण दिलेल्या गावातल्याच बायका घरोघर जात, बाळाचं वजन करत, जंतुसंसर्ग ओळखत, गरज पडली तर इंजेक्शन देत आणि सगळ्याची नोंद ठेवत. शेजारची सत्तेचाळीस गावं तुलनेसाठी होती. तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी उतरलेलं दिसलं. जगातल्या नवजात बालकांच्या आरोग्याचं धोरण पुढे ज्यामुळे बदललं, असा हा निबंध. लेखक पाच: अभय बंग, रानी बंग आणि त्यांचे तीन सहकारी. आरोग्यदूत म्हणवल्या जाणाऱ्या त्या बायकांची नावं यादीत नाहीत.

मी बंग दांपत्याला दोष देत नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे कुणी तशी अपेक्षाही केली नसती, आणि त्या बायकांमुळेच हे घडलं असं त्यांनी पुढे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. मी बोट दाखवते आहे ते नियमाकडे. 'माहिती मिळवण्यात भरीव वाटा' ही पहिली कसोटी त्या बायकांनी रात्री-अपरात्री चिखलातून चालत पुरी केली. चौथीतली जबाबदारी तर त्यांनी जशी घेतली तशी कोणत्याच लेखकाने घेतली नसेल, कारण बाळ दगावलं असतं तर उत्तर त्याच गल्लीत द्यायचं होतं. त्या अडल्या असत्या तर फक्त दुसऱ्या कसोटीवर. मसुदा इंग्रजीत होता.

म्हणजे जबाबदारी मोजायला बसवलेला नियम प्रत्यक्षात भाषा मोजतो. गंमत अशी की याची जाणीव खुद्द नियमकर्त्यांना आहे. पहिली कसोटी पुरी करणाऱ्याला मसुदा वाचण्याची, सुधारण्याची आणि मान्यता देण्याची संधी दिली पाहिजे, पुढच्या कसोट्यांचा वापर त्याला वगळण्यासाठी करू नये, असं त्याच समितीने स्वच्छ लिहून ठेवलं आहे. हे वाक्य मी पीएचडी होऊन दोन वर्षं झाल्यावर पहिल्यांदा वाचलं. चार कसोट्या पाठ असलेले शंभर लोक मला भेटले आहेत, हे वाक्य माहीत असलेले तीन.

आपल्या भाषेच्या स्मरणात तर याहून मोकळी जागा आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रचलित प्रतींच्या शेवटी शके १२१२ हा काळ येतो, टीका ज्ञानेश्वरांनी केली असं येतं, आणि त्याच ओवीत 'लेखक' म्हणून सच्चिदानंदबाबांचं नाव येतं. लेखक म्हणजे ज्याने लिहून घेतलं तो. रचणारा वेगळा, लिहिणारा वेगळा, आणि दोघांची नावं एकाच ओवीत, कामासकट. आज 'क्रेडिट' नावाच्या पद्धतीत चौदा भूमिका ठरवून कुणी काय केलं हे लिहायला सांगतात. आपल्याकडे दोन भूमिकांची नोंद सातशेहून अधिक वर्षांपूर्वी झाली होती.

*

आता माझी गोष्ट, कारण ती लपवून हे परीक्षण करणं अप्रामाणिक ठरेल.

महाराष्ट्रातल्या एका प्रयोगशाळेत मी डासांवर पीएचडी केली. तिथे डासांची पैदास सांभाळणारे एक तंत्रसाहाय्यक होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो, ते आम्हा मुलींना ताई म्हणत. अळ्यांना यीस्ट आणि कुत्र्याच्या बिस्किटांची पूड किती घालायची, कोणत्या ट्रेमधलं पाणी कधी बदलायचं, हे त्यांच्या हातात होतं. एका मे महिन्यात एसी बंद पडला. चार दिवस त्यांनी ओल्या गोणपाटांवर सगळी पैदास जगवली. त्याच दिवसांत त्यांनी आपल्या वहीत लिहून ठेवलं की खालच्या फळीवरच्या अळ्या कोषात उशिरा जातात. मला म्हणाले, "ताई, खाली गारवा आहे म्हणून असेल, पण रात्रीचं आणि दिवसाचं वेगळं मोजून बघा." मी मोजलं. माझा पहिला निबंध त्यातून झाला.

त्या निबंधाला लेखक चार. मी पहिली. एका नावाचा मालक आमच्या डासांच्या खोलीत कधी आलेला मी पाहिला नाही. काकांसाठी शेवटी 'तंत्रसाहाय्यक कर्मचाऱ्यांचे आभार' असं अर्धं वाक्य, नावाशिवाय. ते वाक्य माझ्या हातचं आहे. कुणी मला तसं लिहायला लावलं नव्हतं. यादी वरून ठरून आली आणि मी तोंडातून शब्द काढला नाही, कारण माझं नाव पहिलं होतं.

इथे आल्यावर माझ्या नव्या प्रकल्पाची पहिली बैठक झाली. एकही नमुना गोळा होण्याआधी विषयपत्रिकेवर तिसराच मुद्दा होता: लेखक कोण असतील? स्थानिक इवीच्या प्रतिनिधी, माझ्या मावशीच्या वयाच्या बाई, माझ्या आधीच्या कामाबद्दल विचारत होत्या. त्यांनी सहज विचारलं, "त्या डासांचं काइतिआकी कोण होतं?" मी उत्तर दिलं, आणि त्यांचा पुढचा प्रश्न आलाच नाही. तो मला रात्री झोपताना ऐकू आला.

सहा वर्षांपूर्वीच्या निबंधात लेखक वाढवता येतो. दुरुस्तीपत्र लागतं आणि सगळ्या लेखकांची लेखी संमती. मी काकांना फोन केला. ते आता निवृत्त होऊन गावी असतात. मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ द्या ताई. ते म्हणाले, "नाव घाला. पण माझ्या नावावर काय लिहिलंय ते आधी मला मराठीत सांगा. उद्या कुणी विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे."

तिसरी आणि चौथी कसोटी त्यांनी दोन वाक्यांत सांगितली होती. तीन रविवार मी त्यांना आमचा निबंध फोनवर मराठीत सांगत होते. दुसऱ्या रविवारी कार्यपद्धतीच्या परिच्छेदात त्यांनी मला थांबवलं. ट्रेमधलं पाणी दर तिसऱ्या दिवशी बदललं, असं आम्ही छापलं आहे. "मे महिन्यात नाही," ते म्हणाले. "तेव्हा वास यायचा, मी एक दिवसाआड बदलायचो. वहीत आहे." वही आजही त्या प्रयोगशाळेच्या कपाटात असणार. चार लेखक आणि दोन परीक्षकांनी वाचलेला तो परिच्छेद चुकीचा होता, आणि हे ज्याला ठाऊक होतं त्याला तो कुणी दाखवला नव्हता.

*

वीज कंपनीवाल्या सहकाऱ्याला आता माझ्याकडे उत्तर आहे. कंपनीला आपला निबंध चूक आहे हे सांगता येत नाही. राखणदाराला येतं. यादीत कुणाला घ्यायचं हे ठरवताना मी आता एवढंच विचारते: या कामातली कोणती चूक फक्त या माणसाच्या लक्षात येऊ शकते? अशी एकही चूक नसेल, तर तो कितीही मोठा असो, त्याला आभारात बसवावं. असेल, तर मसुदा त्याच्या भाषेत त्याच्यापर्यंत पोचवणं हे आपलं काम, त्याची पात्रता नव्हे.

या मापाने तुआताराची यादी चांगली आहे, पण पुरी नाही. मंडळ म्हणजे सगळं कुळ नव्हे. मंडळाच्या नावामागे कुणी काय केलं हे वाचकाला शोधावं लागतं, आणि संस्थेला लेखक केल्याने माणसं पुन्हा धूसर होण्याचा धोका आहेच. हक्क, कष्ट आणि कल्पना या तीन वेगळ्या गोष्टी एकाच रांगेत उभ्या करायच्या, तर अशी गर्दी होणारच. तरी २०२०मध्ये 'नेचर'मध्ये कुणी ती रांग लांबवून पाहिली, आणि शेवटची, मानाची जागा राखणदाराला दिली.

माझ्या दुरुस्तीपत्रावर आजपर्यंत दोघांच्या संमती आल्या आहेत. तिसऱ्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: जुनं आता कशाला उकरायचं? संमतीशिवाय काकांचं नाव जाणार नाही. पाणी बदलण्याची चूक मात्र मी संपादकांना कळवू शकते, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. ते पत्र मी या आठवड्यात पाठवते आहे. चूक कुणाच्या लक्षात आली, हे त्यात पहिल्याच वाक्यात नावानिशी लिहिलं आहे.